साखर तिची, ताट कुणाचं?

(वस्तीपातळीवर काम करणाऱ्या कार्यकर्त्या, आशाताई आणि अंगणवाडी सेविका यांच्या शिबिरात केलेलं भाषण. बोलण्याचा बाज तसाच ठेवला आहे.)



मला विषय दिला आहे 'गरोदरपणातला मधुमेह आणि आहार'. फोनवर निरोप होता, "सोपं बोल, आणि येताना आहाराचा तक्ता घेऊन ये." सोपं बोलायचा प्रयत्न करते. तक्ता मात्र आणलेला नाही. का नाही, ते ओघात येईलच.

आधी स्वतःचं सांगते, कारण इतके दिवस ते सांगायचं मी टाळलं आहे. चार वर्षांपूर्वी मला दिवस राहिले तेव्हा मी तेहेतीस वर्षांची होते. समाजकार्याची पदव्युत्तर पदवी, त्यानंतर गोवंडी-मानखुर्दच्या वस्त्यांमध्ये दहा वर्षांचं काम. गरोदर बायांनी काय खावं यावर मी तोपर्यंत किती बैठका घेतल्या असतील, मोजदाद नाही. सव्विसाव्या आठवड्यात माझी तपासणी झाली. ग्लुकोजचं पाणी प्यायल्यावर दोन तासांनी रक्तातली साखर १५६ आली. १४० किंवा त्याहून जास्त आली की गरोदरपणातला मधुमेह धरतात.

मला आधी वाटली ती शरम. भीती नंतर आली. रिपोर्ट मी पर्समध्ये घडी करून ठेवला आणि तीन दिवस घरात कुणाला दाखवला नाही. सासूबाईंना नाही, नवऱ्यालाही नाही. डॉक्टरांनी मान वर न करता सांगितलं होतं, "गोड कमी करा. जिभेवर ताबा ठेवा." मी तर गोड खाणाऱ्यातली नव्हेच. माझा दिवस कसा होता? सकाळी चहा-बिस्किट, दोन बैठकांच्या मध्ये स्टेशनबाहेरचा वडापाव, चारला पुन्हा चहा, रात्री दहाला घरी आल्यावर जे उरलं असेल ते, बहुतेक वेळा भात. भाजी चिरायला वेळ नाही म्हणून भाजी नाही. जिभेचे लाड मी कधी केलेच नव्हते, मग ताबा ठेवायचा कशावर?

त्यांनी एक छापील कागद दिला. ओट्स, ब्राऊन ब्रेड, ब्रोकोली, ऑलिव्ह तेल, सहा बदाम. सगळं इंग्रजीत. मी शिकलेली, पगारदार, घरात फ्रिज असलेली बाई, आणि मला त्या कागदाचं काय करावं कळेना. तोच कागद पुढे वस्तीतल्या एका बाईकडे पाहिला. मागच्या कोऱ्या बाजूवर तिच्या मुलानं मोटार काढली होती. त्या कागदाचा झाला असेल तो उपयोग एवढाच.

तिचीच गोष्ट आता सांगते. ती चार घरची धुणीभांडी करते. दुसऱ्या खेपेची गरोदर. अंगानं किडकिडीत, तिच्याकडे पाहून मधुमेहाची शंका कुणालाही येणार नाही. तिची साखर १६८ आली. मी तिला दिवसाचं खाणं विचारलं. पहाटे पाचला नळावर जाण्याआधी चहा आणि दोन बटर. आठला पहिल्या घरी कालचा ब्रेड, नाहीतर उरलेले पोहे. अकराला दुसऱ्या घरी चहा. तीनला घरी आल्यावर सकाळची चपाती शिल्लक असली तर असली, नाहीतर मुलाच्या हातातल्या पाच रुपयांच्या पुड्यातलं काहीतरी. रात्री सगळ्यांचं झाल्यावर तिचं ताट. नवऱ्याला आणि दिराला वाढताना पळी आमटीच्या तळापर्यंत जाते. तिच्या वाटीला येतं ते वरचं पाणी. भात मात्र भरपूर, कारण पोट भरायचं तर तोच आहे.

सासू म्हणाली, "आमच्या खानदानात कुणाला साखर नाही. हिनंच आणली माहेरून." जशी काही रुखवतात मांडून आणली! नवरा काही बोलला नाही, पण पेढ्यांचा पुडा तिच्यासमोरून उचलून वर फळीवर ठेवला. तो पुडा तिच्या डोहाळजेवणाला आलेला होता. डोहाळे पुरवायचे तर पेढे, जिलबी. वाटीतली डाळ मात्र कुणी पुरवत नाही.

दवाखान्यात तिला सांगितलं, भात, बटाटा, साखर बंद. ती आज्ञाधारक. तिनं बंद केलं. आठव्या दिवशी तिसऱ्या मजल्याच्या जिन्यात तिला भोवळ आली. मी विचारलं, "खातेस काय?" म्हणाली, "ताई, सगळं सोडलंय. चहा पिते, बिनसाखरेचा."

आपल्याकडे पथ्य म्हणजे सोडणं. आणि बाईला सोडायला सांगितलं की ती सोडते, तिला तेच शिकवलेलं आहे. भाताच्या जागी ताटात काय यायचं आणि ते कुणी आणायचं, हे सांगायला कुणीच नसतं. पोटात मूल असताना उपाशी राहणं हा मधुमेहावरचा इलाज नव्हे, हे पहिल्यांदा पक्कं लक्षात ठेवा. कुणी बाई "मी जेवणच बंद केलंय" असं अभिमानानं सांगू लागली तर तिला त्याच दिवशी दवाखान्यात न्या.

आता थोडं शरीराबद्दल. गरोदरपणात प्रत्येकच बाईच्या शरीरात इन्शुलिनचं काम अवघड होतं. वार, म्हणजे बाळाला पोसणारी नाळेची गादी, अशी संप्रेरकं सोडते की आईच्या पेशी साखर चटकन आत घेत नाहीत. ती रक्तात रेंगाळते आणि बाळाला मिळते. ही निसर्गाची सोयच आहे. त्यावर आईचं स्वादुपिंड जास्त इन्शुलिन तयार करून तोल सांभाळतं. पाचव्या-सहाव्या महिन्यानंतर हा भार वाढत जातो, म्हणूनच २४ ते २८ आठवड्यांच्या दरम्यानची तपासणी महत्त्वाची. ज्या बाईचं स्वादुपिंड पुरं पडत नाही, तिची साखर चढते. घराण्यात मधुमेह, जास्त वय, जास्त वजन, आधीच्या बाळंतपणातली साखर, अशी कारणं असतात. एकट्या जिभेनं हा आजार होत नाही.

मग आहार कुठे येतो? इथे अलीकडे एक शब्द वारंवार वाचायला मिळतो: दाह. जखम झाली की ती जागा लाल होते, सुजते, ठणकते. ते शरीराच्या संरक्षक पेशींचं काम आहे आणि ते चांगलं आहे. काम झालं की त्या परत जातात. पण एक दुसरा दाह असतो, मंद, न दिसणारा, महिनोन्महिने चालणारा. आपल्या वस्तीच्या तोंडाशी काही गडबड नसताना कायम उभी असलेली पोलिसांची गाडी तुम्ही पाहिली आहे. दंगल नाही, पण येणाऱ्या-जाणाऱ्याला अडवणं चालू. पोस्टमन येईनासा होतो, पाहुणे येईनासे होतात. तसंच इन्शुलिनचा निरोप पेशीच्या दारापर्यंत येतो आणि तिथेच अडतो. १९९३ मध्ये अमेरिकेत उंदरांवरच्या प्रयोगांत दिसलं की, लठ्ठ प्राण्यांची चरबीच दाह वाढवणारं एक रसायन सोडते आणि त्यानं इन्शुलिनचं काम बिघडतं. पुढे गरोदर बायकांच्या रक्तातही त्या रसायनाचा आणि इन्शुलिन कमी मानण्याचा संबंध आढळला.

"पण ताई, ती तर काडीसारखी होती, चरबी कुठली?" असं तुम्ही विचाराल. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयाच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांतल्या मातांचा आणि त्यांच्या मुलांचा अभ्यास केला. आपली बाळं इंग्लंडमधल्या बाळांपेक्षा पुष्कळ हलकी, पण त्यांच्या अंगावर चरबी मात्र त्या मानानं कमी नाही. कमी आहे ते स्नायूंचं मांस. २००४ मध्ये त्यांनी एका इंग्रज सहकाऱ्याबरोबर स्वतःचाच फोटो छापला होता. उंचीच्या मानानं दोघांचं वजन अगदी सारखं, पण इंग्रजाच्या अंगात चरबी ९.१ टक्के आणि याज्ञिकांच्या अंगात २१.२ टक्के. तेव्हा दिसायला बारीक असणं म्हणजे सुरक्षित असणं नव्हे. वस्तीत आपण जाड बायांनाच तपासणीचा आग्रह करतो, ते सोडून द्यायला हवं.

आता 'दाह' या शब्दाची एक गंमत, खरं तर गंमत नाही. मी एका बैठकीत म्हटलं, "दाह वाढवणारं खाणं टाळा." एक आजी लगेच म्हणाल्या, "बरोबर आहे पोरी, उष्ण पदार्थ खाऊच नयेत." आणि यादी सुरू झाली. बाजरी उष्ण, अंडं उष्ण, मेथी उष्ण, शेवगा उष्ण, तीळ उष्ण, मासळी उष्ण, शेंगदाणे उष्ण. म्हणजे स्वस्तात मिळणारं जे जे सकस, ते सगळं उष्ण म्हणून गरोदर बाईच्या ताटातून बाहेर. उरलं काय? मऊ भात, साखर-तूप, साबुदाणा, रव्याची खीर, बिस्किट, पाव. बिस्किटाला उष्ण म्हणणारं अजून मला कुणी भेटलेलं नाही.

शास्त्रज्ञ ज्याला दाह वाढवणारं खाणं म्हणतात ते जवळजवळ उलट टोकाचं आहे. पांढरा मैदा, साखर, गोड पेयं, पुन्हा पुन्हा तापवलेल्या तेलातलं तळण, पाकिटातले चटकमटक पदार्थ, टिकवलेलं मांस. आणि दाह शमवणाऱ्या बाजूला पालेभाज्या, कडधान्यं, भरड धान्यं, फळं, शेंगदाणे-जवसासारख्या तेलबिया, बांगडा-तारलीसारखी तेलकट मासळी. तेव्हा हा शब्द बैठकीत वापरताना जपून. 'उष्ण' आणि 'दाह' एक नव्हेत, हे त्याच वाक्यात सांगा, नाहीतर आपणच बाईच्या ताटातलं अंडं काढून घेऊ. माझ्या हातून ते झालेलं आहे.

अमेरिकेतल्या साउथ कॅरोलायना विद्यापीठातल्या अभ्यासकांनी आहारातल्या ४५ गोष्टींना दाह वाढवण्या-कमी करण्यानुसार गुण देऊन एक मोजपट्टी बनवली. २०१४ मध्ये तिची सुधारलेली आवृत्ती आली. त्यात हळद आहे, आलं, लसूण, कांदा आहे, चहासुद्धा आहे, आणि हे सगळे चांगल्या बाजूला. हे वाचून माझ्या सासूबाई खूश झाल्या, "म्हणजे आपली फोडणी औषधीच!" फोडणी औषधी असेल, पण चिमूटभर हळदीनं वडापावच्या कढईतलं तेल शुद्ध होत नाही. कायद्यानं जानेवारी २०२२ पासून तेल-वनस्पतीतल्या घातक चरबीवर २ टक्क्यांची मर्यादा घातली आहे. गाडीवरच्या कढईपाशी ती मोजायला आलेला माणूस मी तरी पाहिलेला नाही.

या मोजपट्टीनं गरोदर बायकांचं खाणं मोजून पाहिलं तेव्हा काय दिसलं? काही अभ्यासांत, ज्यांचं खाणं जास्त दाहकारक त्यांना मधुमेह जास्त, असं दिसलं. काहींत तसं दिसलं नाही. गरोदरपणाच्या सुरुवातीलाच ज्यांच्या रक्तात दाहाची खूण जास्त होती, त्यांच्यात पुढे मधुमेह जास्त आढळला, पण वजनाचा हिशेब धरला की तो संबंध फिका पडला. हे मी मुद्दाम सांगते आहे. उद्या कुणी तुमच्या बैठकीत येऊन 'दाहशामक चूर्ण' विकायला लागेल तेव्हा तुम्हाला हे उपयोगी पडेल.

पण एवढ्यावरून हात झटकायचंही कारण नाही. अमेरिकेत १९८९ पासून एक लाख सोळा हजारांवर नर्सबाईंच्या प्रकृतीची नोंद ठेवली गेली. त्यांच्यापैकी ज्या गरोदरपणाआधी बाहेरचं तळलेलं, गोड कोला, लाल आणि टिकवलेलं मांस, बटाटा जास्त खात आणि चोथा असलेलं धान्य कमी खात, त्यांच्यात गरोदरपणातला मधुमेह जास्त निघाला. स्पेनमध्ये माद्रिदच्या एका रुग्णालयात गरोदर बायकांच्या एका गटाला ऑलिव्ह तेल आणि पिस्ते नेमानं खाण्याचा सल्ला दिला, ते पुरवलेही. २०१७ मध्ये निष्कर्ष आले: त्या गटात मधुमेह १७.१ टक्के, दुसऱ्या गटात २३.४ टक्के. पिस्ते! आपल्या वस्तीत पिस्ता म्हणजे आइस्क्रीमचा रंग.

म्हणून मला जवळचा वाटतो तो मुंबईतला प्रयोग, आणि आज मी जे बोलायला आले आहे त्याचा गाभा तोच आहे. आपल्याच शहरातल्या झोपडवस्त्यांत डॉ. रमेश पोतदार आणि इंग्लंडमधल्या डॉ. कॅरोलिन फॉल यांनी २००६ पासून हा प्रयोग केला. मूल व्हावं अशी इच्छा असलेल्या साडेसहा हजार बायका त्यात घेतल्या. अर्ध्या बायकांना रोज एक खाऊ: पालेभाजी, फळ आणि दूध वापरून केलेला, समोशासारखा, वड्यासारखा, आपल्या चवीचा. उरलेल्या अर्ध्यांनाही रोज खाऊ, पण बटाटा-कांदा अशा भाज्यांचा. दिवस राहण्याच्या आधीपासून ते बाळंतपणापर्यंत. तो खाऊ जेमतेम दीडशे-पावणेदोनशे उष्मांकांचा. बाकी घरी जे खातात ते खातात, कुणी कागद दिला नाही, कुणी जिभेवरून बोललं नाही.

मूळ हेतू बाळांचं वजन वाढतं का ते पाहण्याचा होता. तिथला फरक अपेक्षेपेक्षा थोडा निघाला. पण त्यातल्या १,००८ बायकांची ग्लुकोजची तपासणी झाली होती. तिचे आकडे २०१६ मध्ये छापून आले. बटाटा-कांद्याच्या गटात मधुमेह १२.४ टक्के, पालेभाजी-फळ-दुधाच्या गटात ७.३ टक्के. हे वाचलं त्या रात्री मला झोप लागली नाही. कारण या बायका नर्सबाई नव्हेत, माद्रिदच्याही नव्हेत. त्या आपल्या आहेत, साधारण एक तृतीयांश तर कमी वजनाच्या. हा प्रयोग दाहाचा म्हणून केलेला नव्हता, त्यामुळे पालेभाजीनं दाह कमी झाला म्हणून साखर उतरली असं मी म्हणणार नाही. जीवनसत्त्वं असतील, चोथा असेल, दूध असेल, सगळं मिळूनही असेल. अभ्यासक ठरवतील.

माझं लक्ष दुसऱ्याच गोष्टीकडे गेलं. तो खाऊ बायांना केंद्रावर येऊन, कार्यकर्तीच्या समोर बसून खायचा होता. नोंद ठेवायची म्हणून ती व्यवस्था केली असेल. पण विचार करा. दिवसातून एकदा, ती बाई बसली आहे आणि खाते आहे. कुणाला वाढत नाही. निम्मं मुलासाठी पदरात बांधत नाही. सगळ्यांचं होईपर्यंत थांबलेली नाही. तोच खाऊ घरी पाठवला असता तर तिच्या तोंडात किती गेला असता? अंगणवाडीतून घरी दिलेल्या शिध्याचं काय होतं ते इथल्या सेविका माझ्यापेक्षा चांगलं सांगतील. सगळं घर खातं, आणि वही सांगते की गरोदर मातेला दिलं. आदिवासी भागात २०१५ मध्ये अमृत आहार योजना आली, त्यात गरोदर बाईला एक वेळचं पूर्ण शिजलेलं जेवण द्यायचं ठरलं, ही मला म्हणून योग्य दिशा वाटते. शहरातल्या वस्तीला तसं का नाही, हे आपण विचारायला हवं.

आणि रेशनकडेही बघा. अन्नसुरक्षा कायदा २०१३ चा. माणशी पाच किलो धान्य, गहू आणि तांदूळ. कुणी उपाशी राहू नये म्हणून त्याचं मोल आहेच, ते नाकारणारी मी नाही. पण डाळ आणि भाजी बाजारातूनच. २०२२ च्या दिवाळीला राज्य सरकारनं शंभर रुपयांत 'आनंदाचा शिधा' दिला, त्यात काय होतं? रवा, साखर, चणाडाळ आणि पामतेल. चारातली डाळ सोडली तर उरलेल्या तिन्ही गोष्टी मी मघाशी ज्या बाजूला मांडल्या त्याच बाजूच्या. त्याच घरातल्या बाईला दवाखाना विचारतो, "काय खाल्लंस म्हणून साखर वाढली?"

आता त्या बाईकडे परत येते. भोवळ आल्यावर आम्ही चौघी तिच्या घरी गेलो. आहाराचं प्रवचन द्यायला नाही गेलो. सासूबाईंना म्हटलं, "मावशी, मटकीला मोड तुमच्यासारखे कुणाला येत नाहीत, तिला शिकवा." त्या जरा विरघळल्या. मटकी, हुलगे, चवळी सगळ्या घरालाच सुरू झाली. तिच्या एकटीसाठी वेगळं शिजणार नव्हतं, ते कोणत्याच घरात शिजत नाही. भात बंद केला नाही, एक वाटी ठेवला आणि उसळ दोन वाट्या. बटरच्या जागी सकाळी भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी. बचत गटानं अंडी घाऊक आणायला सुरुवात केली, उष्ण-थंडाचा वाद घालत घालत. सगळ्यात अवघड गेलं ते तिला रात्री सगळ्यांबरोबर जेवायला बसवणं. त्याला तीन आठवडे लागले, आणि ते नवऱ्यानं एकदा रागानं "बस की आता!" म्हणून बसवलं तेव्हा झालं. कुठल्या कारणानं का होईना, बसली.

दोन आठवड्यांत साखर उतरली, पण पुरेशी नाही. जेवणानंतर दोन तासांनी १२० च्या खाली यायला हवी, ती १३५ च्या आसपास राहिली. मग इन्शुलिन सुरू झालं. इथेही तिला वाटलं, आपणच कमी पडलो. मी तिला सांगितलं, आणि तुम्हीही प्रत्येकीला सांगा: आहार नीट ठेवूनही काही जणींना औषध लागतंच, ते अपयश नव्हे. मलाही लागलं होतं. घरात फ्रिज नव्हता. कुपी प्लास्टिकच्या पिशवीत घालून, ओल्या फडक्यानं गुंडाळलेल्या मडक्यात ठेवायची. बाळ झालं तीन किलो शंभर ग्रॅमचं, मुलगी, सुखरूप. साखर आटोक्यात नसती तर बाळ फार मोठं होणं, बाळंतपणात अडणं, जन्मल्यावर बाळाची साखर एकदम उतरणं, असे धोके होते.

तुमच्या वहीत लिहून घ्यायच्या गोष्टी आता सांगते. २०१८ च्या सरकारी सूचनांप्रमाणे ही तपासणी दोनदा व्हायला हवी: नाव नोंदवायला येते त्या पहिल्याच भेटीत एकदा, आणि २४ ते २८ आठवड्यांमध्ये पुन्हा. ७५ ग्रॅम ग्लुकोज ३०० मिलीलिटर पाण्यात, पाच ते दहा मिनिटांत प्यायचं, दोन तासांनी रक्त. उपाशी जावं लागत नाही. हे बायांना ओरडून सांगा, कारण उपाशी राहण्याच्या भीतीनं आणि कामाचा खाडा होईल म्हणून कितीजणी टाळतात. अर्ध्या तासाच्या आत उलटी झाली तर दुसऱ्या दिवशी पुन्हा. महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यात गरोदर बायांची मोफत तपासणी असते, त्या दिवशी ग्लुकोजचा पुडा संपला असं कुणी सांगितलं तर वहीत तारीख घालून लिहून ठेवा. आम्ही अशा नोंदी एकत्र करून दोनदा मोठ्या बाईंकडे नेल्या आहेत. तिसऱ्यांदा पुडा संपलेला नव्हता.

आणि एक तपासणी बाळंतपणानंतर सहाव्या आठवड्यात. ही जवळजवळ कुणीच करत नाही. बाई माहेरी असते, बाळ लहान असतं, आणि "साखर गेली" असं सगळ्यांनी ठरवलेलं असतं. ज्यांना गरोदरपणात मधुमेह झाला त्यांना पुढे कायमचा मधुमेह होण्याचा धोका इतरांपेक्षा सुमारे सातपट, असं २००९ मध्ये अनेक अभ्यास एकत्र करून काढलं होतं. २०२० च्या तशाच आढाव्यात तो जवळजवळ दहापट निघाला. माझी स्वतःची सहाव्या आठवड्याची तपासणी मी चौदाव्या आठवड्यात केली, हेही कबूल करते.

ती बाई बाळाला घेऊन गावी गेली ती दीड वर्षानं परतली. मागच्या महिन्यात नळावर भेटली. पोरगी कडेवर, हातात बिस्किटाचा पुडा. मी विचारलं, "नंतर तपासलंस का गं?" हसली. "काय ताई, बाळ झालं, साखर गेली. आता कशाला?" रात्री सगळ्यांबरोबर जेवतेस का, असंही विचारलं. त्याचं उत्तर तिनं दिलं नाही, हंडा उचलला.

परवा गुरुवारी मी तिला दवाखान्यात घेऊन जाणार आहे. चारही घरी खाड्याचं मी स्वतः जाऊन सांगून आले आहे. एका बाईंनी पगार कापणार म्हणून सांगितलं, त्यांच्याशी बोलणं अजून चालू आहे.